उजव्या पायाचं माप

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि. वगैरे तुझं तू समजून घे. मला ते लिहायला वेळ नाही आणि तुला वाचायला.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. होय, तसला बूट आमच्याकडे बनतो. डॉक्टरीणबाईंनी तुला कागदावर काढून दिलाय ना, घोट्याच्या वरपर्यंत येणारा, आत आधाराची पट्टी असलेला, तोच. दोन वर्षं इथे साध्या बुटांचं चामडं साच्यावर ओढून ओढून माझे अंगठे वाकडे झाले, तेव्हा कुठे आता मला आधाराच्या बुटांच्या टेबलावर घेतलंय. म्हणजे आपल्या भिंगरीचा बूट माझ्याच हातून जाणार. पाठीच्या कण्यातल्या त्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून पोरगी भिंत धरून चालते, हे तू लिहितेस आणि मला इथे घास गिळवत नाही.

इथली पद्धत सांगते, कारण तुला अजून वाटतं मी दुकानात बसते. दुकान नाहीच. गिऱ्हाईक घरी बसून संगणकावर आपला बूट आपणच ठरवतं. माप तेच देणार, रंग तेच सांगणार, टाच किती, बंद की पट्टा, वर नक्षी कसली, नाव कुठे घालायचं, सगळं तेच. रोज हजारो बूट बाहेर पडतात आणि एकासारखा दुसरा नाही. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'बनवणारे तुम्हीच'. ते बनवतात तर आम्ही इथे काय माशा मारतो, असं आम्ही जेवणाच्या सुट्टीत म्हणतो. एका बाबाने एका बुटावर बायकोचं नाव घालून घेतलं आणि दुसऱ्यावर भलत्याच बाईचं. आम्ही निमूट शिवलं. गिऱ्हाइकाने ठरवलं त्याला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. लोकांची चित्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून फोनसुद्धा गेटवर काढून घेतात, आणि आम्ही राहतो आवारातच. तेव्हा हंगाम संपेपर्यंत आपली पत्रंच बरी.

आता कान इकडे कर. माप अगदी बरोबर द्यायचं. वाढतं द्यायचं नाही. तुझी खोड मला माहीत आहे. पोर वाढत्या अंगाची आहे म्हणत तू तिला सगळं दोन नंबर मोठं घेतेस. दादाचा लग्नातला कोट त्याला अजून मोठा होतो. तिशीनंतर तो आणखी किती वाढणार होता, ते तुलाच ठाऊक. फ्रॉकला चालतं, बुटाला चालायचं नाही. आधाराचा बूट सैल झाला तर घोटा आत फिरेल आणि पोर तोंडावर पडेल. तिला त्या पावलाला काही कळत नाही, बूट निसटला तरी समजायचं नाही.

भिंगरीचा गालगुच्चा घे. दादाला म्हणावं, तूही कधी दोन ओळी लिही, बोटं झिजत नाहीत.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(वन्सं म्हटलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम.)

झालं एकदाचं. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी त्यांचा संगणक वापरू दिला. मी चादरी वाळत घालून यायचे, तोवर तुझी भाची खुर्चीवर मांडी ठोकून बसलेली असायची. एवढ्याशा बुटाला तिने आठवडा लावला. लाल रंग म्हणजे किती प्रकारचे असतात ते मला या वयात कळलं. हा टोमॅटोचा, हा गाजराकडे झुकणारा, हा रक्ताचा. शेवटी टोमॅटोचा ठरला. मग बोटाने पडद्यावर कोंबडी काढली, तीन पायांची. मी म्हटलं, अगं, कोंबडीला दोनच पाय असतात. तर म्हणते, हिला जास्तीचा आहे, एक बिघडला तर? आता यावर काय बोलणार?

मापाचं म्हणशील तर तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखलं आणि पट्टी लावून पुन्हा पुन्हा मोजलं. हे शेजारी उभे. म्हणाले, घाल थोडं वाढवून, वर्षभर तरी निघेल. मी म्हटलं, वन्संची आज्ञा आहे, सूतभरही वाढवणार नाही. जसंच्या तसं दिलंय.

पोर मोठी झालीये गं. तू गेलीस तेव्हा माझ्या कमरेशी होती, आता छातीला टेकते. वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढते आणि आतलं संपवून रिकामा परत ठेवते. एकदा येऊन बघून जा.

सगळं भरून झाल्यावर पडद्यावर तिचं नाव आलं, आणि त्याखाली 'निर्माती'. घरी येईपर्यंत ती रस्त्यात भेटेल त्याला तेच सांगत होती.

तुझी वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

तुझ्या लेकीचा बूट काल माझ्या टेबलावर आला. ट्रेमध्ये ती कोंबडी बघितली आणि सगळी रांग काम टाकून माझ्याकडे जमली. मुकादम ओरडायला आला आणि तोही बघत उभा राहिला. म्हणाला, तीन पाय का? मी म्हटलं, आमच्या घरात कुणालाच कमीत भागत नाही.

उजवा मी केला. डावा साधा आहे, तो पलीकडच्या हॉलमध्ये बनतो, तो माझ्या नजरेसही पडला नाही. पण उजवा माझा. टाके मोजून घे, एक वाकडा सापडला तर नाव बदलीन.

माप बघितलं आणि हसू आलं. वहिनी, तू 'जसंच्या तसं' म्हणतेस तेव्हा काय करतेस, ते मी तू या घरात आल्यापासून बघतेय. तोंडाने हो म्हणायचं आणि आपलंच खरं करायचं. एवढं पाऊल आठ वर्षांच्या पोरीचं असतं होय? तिचे पाय माझ्या एका ओंजळीत मावायचे. असू दे. तू तुझ्या स्वभावाला अनुसरून वागलीस, मी माझ्या. इथे मी बसलेय ना. जे करायला हवं होतं ते केलंय. तू बिनघोर राहा.

पोचला की कळव.

तुझी नणंद


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

बूट आला. भिंगरी चालली.

कशी लिहू? घालून उभी राहिली, भिंतीवरचा हात काढला आणि दारातून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. तिथून वळली आणि परत आली. मी मागून हात पुढे करून चालत होते, तर मलाच ओरडली, आई, लुडबूड करू नकोस. हे दारात उभे राहून डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, धूळ गेली. धूळ कुठली? खाली सगळं ओलं होतं.

मापाबद्दल तू काय लिहिलंस ते मला नीट कळलं नाही. पण तुझ्या हातचा आहे म्हणजे चांगलाच असणार. एक विचारते. डावा कसा सहज जातो, उजवा मात्र दोन्ही हातांनी ओढून चढवावा लागतो. आधाराचा म्हणजे घट्टच असायचा ना? संध्याकाळी काढला की बोटं लाल दिसतात आणि टाचेवर वळ असतो. तिला विचारलं तर दुखत नाही म्हणते, पण तिला दुखणार कसं? डॉक्टरीणबाईंनी रोज पाऊल बघायला सांगितलंय, ते बघतेच. पण त्यांची वेळ लांबची मिळालीये, म्हणून तुलाच विचारते. जरा सैल करून मिळतो का तुमच्याकडे? नाहीतर मी थोडे दिवस घालूच देत नाही.

तुझी वहिनी


१४ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. पेटीपर्यंत जाऊन आली, इथवर आल्यावर मला पुढचं वाचवेना, शेजारणीने वाचलं.

आता बुटाचं. नवा बूट चावतोच, तुझ्या नवऱ्यालासुद्धा दर खेपेला चावतो. चामडं हळूहळू पायाचं होतं. आधाराचा बूट पायाला धरून बसला तरच उपयोग, नाहीतर साध्यात आणि त्याच्यात फरक काय? सैलबिल काही करायचं नाही. तू आता मध्येच बंद केलास तर चामडं पुन्हा आक्रसेल आणि सगळं पहिल्यापासून. घालू दे. रोज घालू दे. मी हजारभर पोरांचे बूट केलेत, माझ्यावर सोड.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतंय बरं का. एक अक्षर जास्त लिहीत नाही.

तुझी नणंद


३ जुलै

प्रिय वहिनी,

हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. टपालवाल्याचं काही बिनसलंय की तुझं? आमचा हंगाम वाढवलाय, इतक्यात सुटी नाही. थट्टा लागली असेल तर सांग, मी माघार घेते. नणंदेने एकदा माघार घेतलेली तुला लोकांना सांगता येईल.

बूट आता सैलावला असेल. भिंगरी आता कुठवर जाते? दोनच ओळी टाक.

तुझी नणंद


२१ जुलै

पत्रं मिळाली.

भिंगरीचं उजवं पाऊल काढलं. घोट्याच्या वरून. जूनमध्ये.

तू विचारशील म्हणून सांगते. तुझं पत्र आल्यावर मी बूट घालू दिला. ती तो काढायलाच तयार नसायची, झोपतानासुद्धा. पहिले दिवस मी रोज पाऊल बघत होते. मग लॉन्ड्रीतली दुसरी बाई सोडून गेली आणि तिचं कामही माझ्यावर आलं. मी येईपर्यंत भिंगरी पाय धुऊन, मोजा चढवून, बूट घालून बसलेली असायची. विचारलं की म्हणायची, मी बघितलं, काही नाही. काढ म्हटलं की रडायची. तिला माहीत होतं आत काहीतरी झालंय. सांगितलं तर बूट जाईल म्हणून बोलली नाही. हे तिने नंतर दवाखान्यात सांगितलं.

मी दिवसभर लोकांच्या घाण चादरी हाताळते. कुठल्या चादरीला कसला वास येतो ते मला दारातून कळतं. माझ्या पोरीच्या पायाचा वास मला आला नाही.

ताप चढला तेव्हा नेलं. बूट निघेना, कापून काढावा लागला. बोटं आत दुमडलेली होती. टाचेची जखम हाडापर्यंत गेली होती. पुष्कळ दिवस औषधं दिली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पाऊल ठेवलं तर पोर जाईल.

यांनी मला एकदाच विचारलं, माप कुणी दिलं होतं? मी म्हटलं, मी. त्यानंतर हे माझ्याशी बोलत नाहीत. भांडले असते तर बरं होतं.

तुमच्या कंपनीला यांनी लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. माप आपणच दिलेलं आहे, सर्व निवडी आपल्या आहेत, शेवटी आपण संमती दिलेली आहे, सहनिर्माते म्हणून आम्ही आपल्या निर्णयांचा आदर करतो.

मला अजून कळत नाही. मी नीट मोजलं होतं गं. झोपेतसुद्धा मी तो कागद मोजते. तुला दोष द्यायचा नाही असं ठरवून लिहायला बसले, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आयुष्यभर मी सगळं वाढतं घेतलं आणि तुम्ही सगळे मला हसलात. एकदाच तुझं ऐकून बरोबर माप दिलं. नेहमीसारखं दिलं असतं तर आज तिला पाय असता.


२९ जुलै

वहिनी,

तुझं माप बरोबर होतं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू कागद फाडशील.

माप बरोबर होतं आणि मी ते मानलं नाही. वरचं चामडं आमच्याकडे कापून येतं, कडेला दुमडायला जागा ठेवलेली असते. ते लाकडी पावलाच्या साच्यावर ओढून बसवायचं, हे माझं काम. प्रत्येक ट्रेमध्ये त्या त्या मापाचा साचा ठेवलेला असतो. तुझ्या ट्रेमधला मी उचलला, एवढं पाऊल कसं असेल म्हणाले, आणि मांडणीवर परत ठेवून दोन नंबर लहान घेतला. मला वाटलं, तू नेहमीप्रमाणे दोन वाढवलेत, मी दोन काढले. म्हणजे झालं बरोबर. अख्ख्या हॉलमध्ये असं कुणी करत नाही. मीसुद्धा कधी केलं नव्हतं. त्या बाबाच्या दोन बायका मी निमूट शिवल्या. इथे हात घातला, कारण ते गिऱ्हाईक नव्हतं, तू होतीस.

तुझं फेब्रुवारीचं पत्र पुन्हा काढलं. ती छातीला टेकते, असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं, शेजारणीला वाचूनही दाखवलं होतं. आणि बूट ओढताना माझ्या डोळ्यांपुढे मी सोडून आले तेव्हाचीच पोर होती. पोरं वाढतात हे मला कळत नाही असं नाही. तिचं वाढणं मात्र मी धरलंच नाही.

एप्रिलमध्ये तू विचारलंस, बोटं लाल होतात, बंद करू का? तू बंद करणार होतीस. मी घालू दे म्हणाले. मला वाटलं, आपली लबाडी पकडली गेली म्हणून ही आता आडून सैल करून मागतेय. तू आई म्हणून विचारत होतीस आणि मी मनातल्या मनात तुझ्यावर जिंकत होते.

काल मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, तोंड मिटून काम कर, कागदावर माप त्यांचंच आहे, त्यांचीच संमती आहे. मी लिहून वर दिलं. आज मला काढलं. कामगाराने नियम मोडला, त्याला आम्ही जबाबदार नाही, असं ते आता तुम्हाला कळवतील. त्यांच्याकडून काही मिळेल अशी आशा धरू नका, त्यांची वाट दोन्हीकडून बंद आहे. सामान बांधून मी शेजारणीच्या बहिणीकडे आलेय. पाकिटावर तिथला पत्ता आहे.

हे पत्र दादाला दाखव. आजच दाखव. तुझ्यावर आलेलं माझं आहे, ते मला घेऊ दे.

क्षमा कर असं लिहिलं आणि खोडलं. येऊ का? तू नको म्हणालीस तर येणार नाही, आणि का म्हणून विचारणारही नाही.


१४ ऑगस्ट

पत्र यांना दाखवलं. आधी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. नंतर मला म्हणाले, तू जेवलीस का?

मला हलकं वाटलं. पोरीचं पाऊल गेलं आणि मला हलकं वाटलं, हे मी तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तुझं नाव निघालं की हे उठून बाहेर जातात. कधी विसरतील असं वाटत नाही. माझं म्हणशील तर तुझ्या पत्राला मी चार उत्तरं लिहिली आणि चारही जाळली. त्यांत जे होतं ते मी अजूनही मागे घेतलेलं नाही. तू आमच्या घरातली म्हणून कळवळ्याने केलंस, हे मला कळतं. त्याचाच जास्त राग येतो. परक्या बाईच्या हातात पडला असता तर तिने निमूट सांगितलेल्या मापाचा बूट केला असता.

तरी लिहितेय, ते भिंगरीसाठी.

ती रडत नाही. कुणावर चिडत नाही. परवा अंघोळ घालताना म्हणाली, आई, मी बूट चुकीचा बनवला ना? मी म्हटलं, वेडे, बूट तू कुठे बनवलास? तर म्हणाली, माझंच नाव आलं होतं. मी समजावलं. यांनी समजावलं. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं की मुलं बूट बनवत नाहीत, मोठी माणसं बनवतात. सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि मग म्हणते, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता.

तिने निवडायचं सोडून दिलंय. कुठला फ्रॉक घालायचा, तर तू सांग. काय खाशील, तर तू सांग. कुबड्यांच्या मुठीला रबर बसवायचं होतं, दुकानदाराने डबा पुढे केला, निळं, हिरवं, पिवळं. हिने हात मागे घेतले आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. बाहुलीला नाव ठेवायचं तर ते मी ठेवायचं. मी चुकून विचारलं, तुला काय वाटतं, तर तिने बाहुलीच माझ्या हातात देऊन टाकली. लाल रंगाच्या एवढ्या छटा ओळखणारी पोर आहे ती.

आमचं पटत नाही तिला. तुझं पटेल. आत्या बूट बनवते हे ती तू गेल्यापासून जगाला सांगत आलीये. तेव्हा तू ये. तिच्यासमोर बस आणि सांग, तो बूट मी बनवला, तुझ्या आईने बरोबर माप दिलं होतं, तू सगळं बरोबर निवडलं होतंस, चुकले ती मी. गोड करून सांगू नकोस. जवळ घेऊ नकोस, ती आली तर गोष्ट वेगळी. ती काय करेल मला माहीत नाही. मारेल, थुंकेल, पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. करू दे. तिला कुणावर तरी रागवायला हवं गं, नाहीतर ती आयुष्यभर स्वतःवरच रागावून बसेल. आणि त्यासाठी तू सोडून दुसरं माणूस माझ्याकडे नाही.

नंतर थांबायचं की निघायचं ते तीच ठरवेल. तेवढं जरी तिने ठरवलं तरी मला पुरे.

शनिवारी ये, हे शनिवारी घरी नसतात. आणि नेहमीसारखी दारातून हाक मारू नकोस, आत येऊन मग बोल. कुणाची हाक आली की ती विसरते, आणि धावायला उठते.